दारूनं मेंदूच्या पेशी मरतात का, आणि ऑक्सिजन गेल्यावर का मरतात

एक पेग मारला की मेंदूच्या हजारो पेशी खलास, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलंय, आणि सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो की जणू त्यानं मोजून ठेवल्यात. खरं सांगायचं तर एक-दोन पेगनं पेशी मरत नाहीत, त्यांचं आपसातलं बोलणं बिघडतं. मरतात त्या ऑक्सिजन तुटला की, आणि त्याला मिनिटंच पुरतात. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे काही बरोबर नाही पण असो) ह्या दोन्ही गोष्टी पेशीच्या एकाच दाराशी येऊन भिडतात, दारू ते दार दाबून धरते आणि ऑक्सिजन गेला की तेच दार सताड उघडं पडतं. ते दार कुठलं हे कळायचं तर आधी पेशी बोलते कशी ते बघायला लागेल, तिथे जरा वेळ जाईल पण ते एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

तर मेंदू. वजन दीड किलोच्या आत, म्हणजे शरीराच्या २ टक्के, आणि आपण विश्रांतीत असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला साधारण २० टक्के हा एकटा खातो. गणितं सोडवत असा नाहीतर नुसतं छताकडे बघत पडलेले असा, त्याचं बिल जवळपास तेवढंच येतं. का, तर त्यातल्या साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन (म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशी) काहीही काम नसलं तरी सतत तयारीत उभ्या असतात आणि ह्या तयारीत राहण्याचाच खर्च मोठा आहे.

तयारी म्हणजे काय? पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि ह्या विषमतेमुळे आतली बाजू बाहेरच्या मानानं साधारण ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. ७० मिलिव्होल्ट म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखा आकडा वाटतो पण ज्या आवरणावर हा दाब आहे ते इतकं पातळ की हिशोब केला तर मीटरला कोटीभर व्होल्टच्या घरात जातो. आता अडचण अशी की आवरणातून थोडी गळती कायम चालू असते, आणि प्रत्येक सिग्नलच्या वेळी तर सोडियम धो धो आत येतं. मग पेशी सतत उपसा करत बसते. होडीला भोक आहे आणि तुम्ही बादलीनं पाणी बाहेर फेकताय, हात थांबवता येत नाही, तसं. हा उपसणारा पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत ओढतो आणि त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्च करतो. एटीपी म्हणजे पेशीतली सुट्टी नाणी, सगळे व्यवहार ह्यातच होतात. येन्स स्कोऊ ह्या डॅनिश शास्त्रज्ञानं खेकड्याच्या नसांवर काम करून १९५७ साली हा पंप दाखवून दिला आणि नोबेल मिळालं १९९७ ला, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी. मेंदूच्या एकूण खर्चातला निम्म्याच्या आसपास, काहींच्या हिशोबात त्याहूनही जास्त, वाटा हा पंपच खातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्याच्यावर येऊन आदळणारे.

आता बोलणं. पेशीला कुणी डिवचलं आणि आतला भार उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारं फटाफट उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते, मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं परत जागेवर, आणि हा अख्खा प्रकार एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकतो. ही लाट तारेसारख्या लांब शेपटावरून पळत जाते. हॉजकिन आणि हक्सली ह्या दोघांनी स्क्विडच्या जाडजूड नसेवर हे मोजलं आणि १९५२ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि त्यातली आकडेमोड हक्सलीनं हातानं फिरवायच्या यंत्रावर केली होती, कॉम्प्युटर नाही काही नाही. मला हे दरवेळी वाचलं की आपल्या आळसाची लाज वाटते.

शेपटाच्या टोकाशी पोचल्यावर मात्र वीज थांबते, कारण पुढच्या पेशीपर्यंत फट आहे, मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढी का होईना पण फट. ती रसायनानं ओलांडायची. हे कसं कळलं ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, त्यानं झोपेतच कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न, ह्यावेळी गडी उठून थेट प्रयोगशाळेत. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची नस चेतवून ठोके मंद केले आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्याला दिलं, तर तेही मंद झालं. म्हणजे नस काहीतरी पदार्थ सोडते. हे १९२१ सालचं. हे स्वप्नाचं त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे त्यामुळे थोडं तिखटमीठ असेलही, प्रयोग मात्र पक्का.

मेंदूत असे पदार्थ बरेच आहेत पण आपल्याला दोनच पुरेत. ग्लुटामेट म्हणतं "चल, पेट", आणि गाबा म्हणतं "गप बस". गाबा पुढच्या पेशीच्या दारावर बसलं की क्लोराइड आत येतं, आतली बाजू अजून ऋण होते किंवा निदान तिथेच खिळते आणि पेशीला पेटणं अवघड जातं. ग्लुटामेटची दारं वेगवेगळी आहेत आणि त्यातलं एक म्हणजे आपलं ते सुरुवातीला म्हटलेलं दार, नाव एनएमडीए. हे जरा हट्टी दार आहे. त्याच्या भोकात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं, नुसतं ग्लुटामेट आलं तर बूच हलत नाही, पेशी आधीच पेटत आलेली असली आणि त्याच वेळी ग्लुटामेटही आलं तरच बूच उडतं आणि मग कॅल्शियम आत येतं. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे ह्या दाराला कळतं, आणि आठवण तयार होणं म्हणजे ढोबळ मानानं हेच की. पण कॅल्शियम हा जपून वापरायचा पाहुणा आहे. पेशीत ते बाहेरच्या मानानं साधारण दहा हजारपट कमी ठेवलेलं असतं, कारण ते आत आलं की कामाला लागणारी एंझाइम्स खूप आहेत आणि सगळीच काही सज्जन नाहीत.

दारूकडे येऊ. इथेनॉलचा रेणू अगदी चिमुकला, पाण्यात विरघळतो, चरबीतूनही वाट काढतो, त्यामुळे मेंदूभोवतीची जी कडक तटबंदी आहे ती त्याला अडवूच शकत नाही. बाकीची औषधं आपापल्या ठरलेल्या कुलपात किल्लीसारखी बसतात आणि अगदी कणभर पुरतात, इथेनॉलचं तसं नाही, ते भरपूर लागतं आणि मग ते दिसेल त्या फटीत जाऊन बसतं. १९०० च्या आसपास मेयर आणि ओव्हरटन ह्या दोघांनी स्वतंत्रपणे बघितलं की जो पदार्थ तेलात जितका जास्त विरघळतो तितका तो जास्त गुंगी आणतो, त्यावरून कित्येक वर्षं असंच मानत होते की दारू पेशीचं चरबीचं आवरणच सैल करते. नंतर कळलं की नाही, मुख्य मामला आवरणातल्या प्रथिनांच्या दारांशी आहे.

त्यातली दोन दारं महत्त्वाची. गाबाचं दार दारूमुळे जास्त उघडं राहतं, म्हणजे "गप बस" चा आवाज वाढला. आणि एनएमडीएचं दार दारू दाबून धरते, हे १९८९ मध्ये नीट दाखवलं गेलं, म्हणजे "चल, पेट" चा आवाज कमी झाला. ब्रेक दाबला आणि ॲक्सिलरेटरवरचा पायही काढला. मग लोक विचारतात की असं असेल तर पहिल्या पेगनंतर माणूस झोपायच्या ऐवजी बडबड का करतो. कारण असं की मेंदूतल्या कितीतरी पेशींचं कामच दुसऱ्यांना आवरण्याचं असतं, कपाळामागचा भाग तर दिवसभर "हे बोलू नको, ते करू नको" एवढंच करत असतो म्हणा ना, तो आधी ढिला पडला की जे सुटतं त्याला आपण मोकळेपणा म्हणतो. वर डोपामिनही थोडं वाढतं त्यामुळे बरंही वाटतं. मग लहान मेंदूची पाळी, तोल जातो, जीभ जड होते. आडवं पडल्यावर खोली गरगरते त्याचं कारण मात्र मेंदूत नाही, कानात आहे, तोल सांगणाऱ्या अवयवातला जेलीसारखा पडदा दारू आधी शोषतो आणि भोवतीच्या द्रवापेक्षा हलका होतो, त्याला वाटतं डोकं फिरतंय.

ब्लॅकआउटबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ब्लॅकआउट म्हणजे बेशुद्ध पडणं नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. आपण म्हणतो विसरला, पण विसरायला आधी नोंद व्हावी लागते ना, इथे ती झालेलीच नसते. हिप्पोकॅम्पस ह्या आठवणी नोंदवणाऱ्या भागात एनएमडीएचं दारच उघडत नव्हतं, कॅल्शियम आलं नाही, मग आठवण लिहिणार कोण. त्यामुळे "आठव जरा" म्हणून त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आणि ढोंग करतोय असंही लगेच समजू नका. भराभर पिणाऱ्याला हे जास्त होतं, कारण रक्तातलं प्रमाण किती झटकन चढतं ह्यावर बरंच अवलंबून असतं.

हे झालं एका रात्रीचं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूत गोष्ट उलटी फिरते. पेशी काही मूर्ख नाहीत, रोज कुणीतरी ब्रेक दाबतंय म्हटल्यावर त्या गाबाची दारं कमी किंवा बोथट करतात आणि एनएमडीएची वाढवतात, हळूहळू दारू असतानाच मेंदू नॉर्मल चालायला लागतो. आता अशा माणसानं एक दिवस ठरवून एकदम सोडली तर काय होईल? दारू उतरली पण वाढवलेली दारं तशीच, ब्रेक गुळगुळीत आणि ॲक्सिलरेटर दाबलेला. हात थरथरतात, झोप उडते, पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास, ताप, प्रचंड घालमेल सुरू होते ज्याला डॉक्टर डीटी (डेलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात, आणि त्यात माणूस दगावतोसुद्धा. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी कोंडून "बघू कशी सुटत नाही" करणं हा मला सगळ्यात धोकादायक प्रकार वाटतो. सोडायचीच आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, ते जी औषधं देतात ती बहुतेक गाबाच्याच दारावर काम करतात आणि मग हळूहळू कमी केली जातात.

आणि हो, वर्षानुवर्षं पिण्यात पेशी मरतातच, पण त्यातलाही एक रस्ता आडवळणाचा आहे. अशा माणसात बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, खाणं कमी आणि दारूमुळे शोषणही कमी. ते नसलं की पेशीला साखर नीट जाळता येत नाही, म्हणजे एटीपी घटलं. पंप आठवला का? बरोबर, तोच. कार्ल वेर्निके नावाच्या डॉक्टरनं १८८१ मध्ये ह्याचं वर्णन केलं, गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, तोल जाणं. वेळेत बी-१ टोचलं तर बरंच सावरतं, नाहीतर नवीन आठवणी धरण्याची ताकद कायमची जाते.

आता ऑक्सिजन. १९४३ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, धडधाकट तरुण माणसांच्या मानेभोवती पट्टा फुगवून मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण थांबवला. आज असला प्रयोग करायला कोणी परवानगीही देणार नाही आणि देऊही नये. पण कळलं असं की सरासरी सहा-सात सेकंदात माणूस बेशुद्ध. एवढ्यात एटीपी संपलेलं नसतं बरं का. मेंदू आधी स्वतःहून दिवे मालवतो. एटीपी मोडून जो ॲडेनोसिन उरतो तो साचायला लागला की पेशी गप्प होतात (कॉफी ह्याच ॲडेनोसिनला अडवते म्हणून झोप उडते), एटीपी कमी झालं की उघडणारी पोटॅशियमची दारंही आहेत, तीही पेशीला शांत करतात. खर्च कमी, वेळ जास्त. ही गप्प बसण्याची अवस्था परत फिरवता येते, पेशी अजून शाबूत असतात.

पण मिनिट-दोन मिनिटं गेली की सुट्टी नाणी संपतात आणि पंप थांबतो. होडीत पाणी भरायला लागतं. पोटॅशियम बाहेर गळत राहतं, सोडियम आत येत राहतं, एका टप्प्यावर पेशीचा भार एकदम कोसळतो आणि हा कोसळणारा प्रकार शेजारच्या पेशींत लाटेसारखा पसरत जातो, अशी लाट लेआओ ह्या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये सशांच्या मेंदूत पहिल्यांदा पाहिली होती. भार कोसळला म्हणजे काय झालं बघा: पेशीनं साठवलेलं ग्लुटामेट सगळं बाहेर ओतलं, एरवी सांडलेलं ग्लुटामेट गोळा करणारी यंत्रणाही त्याच सोडियम-पोटॅशियमच्या आतबाहेरच्या फरकावर चालते त्यामुळे ती उलटी फिरून अजून बाहेर टाकायला लागली, पुढच्या पेशीचा भार आधीच गेलेला म्हणजे मॅग्नेशियमचं बूचही उडालं. एनएमडीए सताड उघडं. ज्या दारातून आठवणीपुरतं थेंबभर कॅल्शियम यायचं तिथून पूर आत आला. मग प्रथिनं तोडणारी, चरबी तोडणारी एंझाइम्स सुटतात, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले एटीपी बनवणारे कारखाने, बिघडतात, सोडियमच्या मागे पाणी शिरून पेशी फुगते. म्हणजे उपासमारीपेक्षा जास्त ती स्वतःच्याच आरडाओरड्यात मरते. जॉन ओल्नी ह्या संशोधकानं १९६९ मध्ये अशा मरणाला "एक्सायटोटॉक्सिसिटी" हे नाव दिलं.

हृदय बंद पडलं तर हे सगळ्या मेंदूत एकदम होतं, त्यामुळे चार-पाच मिनिटांचा हिशोब सांगतात आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करा म्हणतात. स्ट्रोकमध्ये एकच नळी बंद होते, तिथे चित्र वेगळं. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं. ते २० च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात आणि १० च्या खाली गेलं की पंपच कोसळतो. मधल्या पट्ट्यातल्या पेशी बोलत नाहीत पण मेलेल्याही नसतात, हात हलत नाही म्हणजे हाताचा मेंदू गेला असं नाही, तो कदाचित अजून वाट बघतोय. मोठी नळी तुंबलेल्या स्ट्रोकमध्ये उपचार न झाल्यास मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन जातात असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात ते त्यामुळेच. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य इथे फार महागात पडतं.

अजून एक चमत्कारिक गोष्ट, रक्त परत सुरू झालं म्हणजे सुटलो असं नाही. ऑक्सिजन एकदम परत आला की बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांतून घातक फ्री रॅडिकल्स तयार होतात. आणि हिप्पोकॅम्पसमधल्या एका भागातल्या पेशी तर दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना मरतात. हृदय बंद पडून वाचलेल्या काही जणांची आठवण का कच्ची राहते त्याचं एक कारण हे. थंडीनं मात्र फायदा होतो, कारण सगळ्याच गोष्टींचा वेग आणि खर्च कमी होतो. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांना पहिल्या सहा तासांत थंड करायला घेऊन ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवतात. आणि १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेली एक बाई शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरूनसुद्धा वाचली.

इथे हुशार वाचक म्हणणार की थांबा, दारू एनएमडीए बंद करते म्हणालात, मग स्ट्रोकमध्ये उपयोगी नाही का? शंका रास्त आहे, आणि नुसतं एनएमडीए अडवणारी औषधं बनवून माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्याही. नापास झाली. एक तर पूर येऊन गेल्यावर दार लावून फारसं काही होत नाही, आणि दुसरं म्हणजे वाचलेल्या पेशींना जगायला तेच दार थोडं उघडं लागतं. त्यामुळे दारूचं तर सोडाच.

उलट दारू आणि ऑक्सिजनची खरी गाठ पडते ती जास्त प्यायल्यावर. "गप बस" चा आवाज वाढत वाढत मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचला की श्वास मंद होतो, घशात काही गेलं तर खोकायची प्रतिक्रियाही बोथट होते. उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली की संपलं. पुन्हा ऑक्सिजन कमी झाल्याची मेंदूला तितकी घाई वाटत नाही, गुदमरल्यासारखं जे वाटतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. त्यामुळेच उंचावर विरळ हवेत माणसाला आपलं डोकं चालत नाहीये हेच कळत नाही, उलट मजेत असतो, अगदी प्यायल्यासारखा. आणि जो आधीच प्यायलाय त्याला तर काय कळणार. पोटात उरलेली दारू झोपल्यावरही रक्तात जात राहते, म्हणजे आत्ता बरा दिसणारा अर्ध्या तासानं जास्त वाईट असू शकतो. हाका मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल तर "झोपू दे, सकाळी उतरेल" करू नका, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. कॉफी आणि थंड पाण्यानं काहीही होत नाही.

आणि हे दोन्ही धागे एकत्र विणलेला एक प्राणी खरंच आहे, क्रुशियन कार्प नावाचा मासा, आपल्या गोल्डफिशचा भाऊबंद. उत्तरेकडच्या थंड देशांत हिवाळ्यात तळं वरून गोठतं आणि खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आपण तिथे मिनिटांत गेलो असतो, हा मात्र महिनोन्‌महिने तग धरतो. ऑक्सिजनशिवाय साखर जाळली की लॅक्टिक ॲसिड साचून विष होतं, तर हा त्याचं इथेनॉल करतो आणि कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडलीये, काही देशांत एवढ्यावर गाडी चालवू देत नाहीत. मेंदूत गाबा वाढवतो, डोळ्यांचं काम जवळपास बंद करून टाकतो, पंपाचं बिल जेमतेम भरेल एवढंच चालू ठेवतो, आणि बर्फाखाली अंधारात हळूहळू पोहत वसंताची वाट बघत राहतो.